नाना नेमका कोण?

जळगावात माणसाने दुधावर संशय घ्यावा, हवामानाच्या अंदाजावर घ्यावा, नव्या जावयावर तर जरूर घ्यावा. पण सकाळी बरोबर फिरायला येणाऱ्या माणसावर घेऊ नये. बरोबरचा माणूस सुटला की मेहरूण तलावाची तीच फेरी दुप्पट लांब होते. कौतिकरावांना हे या थंडीत कळले. ते तलावाच्या एका काठाने चालत, कन्हैयालाल दुसऱ्या काठाने, आणि मध्ये एवढे पाणी असूनही आपण एकमेकांकडे बघत नाही, हे दोघे एकमेकांना मान वळवून वळवून दाखवत.

आणि हे सगळे एका पुस्तकापायी. पुस्तकही कसले, तर पोरांचे.

कौतिकराव रेल्वेत टीसी होते. निवृत्तीच्या दिवशी काळा कोट उतरला, नजर मात्र अंगावरच राहिली. घरी पाहुणा आला की "या, बसा" म्हणायच्या आधी त्यांच्या तोंडून "कुठून आलात, कुठपर्यंत जाणार?" निघे. हातात लग्नपत्रिका पडली तरी ते ती उलटून मागची बाजू बघत. त्यांची दोन वाक्ये सगळ्या कॉलनीला पाठ होती: "माझ्या डब्यातून एक विनातिकीट सुटला नाही," आणि "नोकरीत कुणाच्या चहालाही मी मिंधा नाही." पुरावा म्हणून नोकरीतला पहिला कोट अजून कपाटात टांगलेला होता. ही वाक्ये सुरू झाली की त्यांच्या पत्नी कुंदाबाई गॅसवर काहीतरी ठेवल्याचे आठवून आत जात. गॅसवर काही नसे. पण ते तपासायला कौतिकराव कधी आत गेले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी 'पानोपानी वाचक मंडळ' काढले. सभासद चार. स्वतः कौतिकराव. शेजारचे कन्हैयालाल जैन, ज्यांचे कापडाचे दुकान आता मुले बघत आणि जे दुकानात गेले की मुले त्यांना प्रेमाने परत घरी सोडत. नूतनताई, ज्यांनी मुलींच्या शाळेत मराठी शिकवले आणि अजून सोडलेले नाही. भाजीवाला "कोथिंबिर" म्हणाला तर त्या दोनदा म्हणून घेत. आणि रहीमभाई टेलर. रहीमभाईंचा हात सफाईदार, पण त्यांनी कबूल केलेल्या दिवशी कपडा मिळाल्याचे जळगावच्या इतिहासात नाही.

मंडळाची रीत अशी होती की पुस्तक एकच आणायचे आणि ते घराघरांतून फिरवायचे. एका पुस्तकाच्या चार प्रती घेणे म्हणजे एका घरात चार फ्रिज ठेवण्यासारखे आहे, असे कन्हैयालाल म्हणत. प्रत्येकाची पेन्सिल वेगळ्या रंगाची. नूतनताईंची निळी, कन्हैयालालांची हिरवी, रहीमभाईंची काळी, कौतिकरावांची अर्थातच लाल. जिथे काही बोलण्यासारखे सापडेल तिथे समासात टिक करायची. फक्त टिक, एक अक्षर लिहायचे नाही. आधी लिहायची मुभा होती, पण एका जाड पुस्तकाच्या समासात नूतनताई आणि कन्हैयालाल यांचे असे भांडण जुंपले की मूळ लेखक बाजूलाच राहिला. तेव्हापासून टिक. कौतिकराव सगळ्यात शेवटी वाचत, कारण तपासणारा माणूस शेवटीच असतो.

तर या मंडळात कन्हैयालालांनी आपल्या नातीची कादंबरी आणली. नात आयुषी, धुळ्याला कॉलेजात शिकवते. 'सातवीपुढची गाडी' हे नाव. पाठीवर छापलेले, "कुमार वाचकांसाठी, वय बारा ते सोळा." मंडळातल्या सर्वांत तरुण सभासदाचा गुडघा नुकताच बदललेला होता. पण आयुषी याच कॉलनीत लहानाची मोठी झालेली. शाळा सुटली की दप्तर घेऊन ती कुंदाबाईंच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून गृहपाठ करी. घरच्या पोरीचे पुस्तक नाही कसे म्हणणार? म्हणून सगळे हो म्हणाले, आणि मनातून सगळे सावध झाले. ओळखीच्या माणसाने पुस्तक लिहिले की ते कुणी पुस्तक म्हणून वाचत नाही. आपण त्यात कुठे सापडतो, हे बघायलाच वाचतात.

पुस्तक फिरत फिरत कौतिकरावांकडे आले. गोष्ट साधी होती. पाचोऱ्याकडच्या एका खेड्यातली बेबी नावाची मुलगी. बापाने सातवीनंतर शाळा बंद केली. पुढची शाळा तालुक्याला, तिथे जायला छोटी गाडी, आणि तिकिटाला पैसे नाहीत. मग बेबी एका भाजीवालीची दुसरी पाटी डोक्यावर घेऊन रोज गाडीत चढते. वर वांगी, खाली वह्या-पुस्तके. माळणींच्या घोळक्यात बसलेल्या पोरीला तिकीट कोण विचारणार? एकदा एक नवा टीसी विचारतो. पाटीत काय आहे म्हणतो, दोन वांगी उचलतो, हातात फिरवून बघतो, "भरताची दिसतात" म्हणतो आणि वांगी कोटाच्या खिशात घालून निघून जातो. भाजीवाली मागून ओरडते, "जलमभर वांगाच खाशी, मेल्या!" शेवटी बेबी मॅट्रिक होते.

हे सगळे कौतिकरावांनी भरभर वाचले, कारण त्यांचा जीव अडकला होता तो नानात. नाना म्हणजे बेबीच्या गावातला खडूस म्हातारा. तो दुधात बोट घालून दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतो. दुसऱ्याच्या घरी गेला की दारातल्या चपला मोजतो. बायको "साखर संपली" म्हणाली तर डबा उघडून खात्री करतो. कौतिकरावांनी त्याच सकाळी साखरेचा डबा उघडून बघितला होता. त्यांचे कान तापले.

आणि समासात बघतात तो काय! जिथे जिथे नाना, तिथे तिथे हिरवी टिक, निळी टिक, काळी टिक. काही ठिकाणी तर टिकांना एकीवर एक बसायलाही जागा नव्हती. म्हणजे तिघांनीही ओळखले. तिघेही हसले असणार. आणि आयुषीला हा मालमसाला पुरवला कुणी? रोज तलावाभोवती ज्याच्याशी आपण मनातले बोललो, त्यानेच. ते कन्हैयालालांकडे एकदाही बोलायला गेले नाहीत. चोराला आधी जाब विचारला की तो सावध होतो, हे खात्याचे शिक्षण.

दुसऱ्यांदा वाचताना त्यांना आणखी एक पुरावा सापडला. टीसीने वांगी उचलली त्या पानावर हळदीचे बोट उमटले होते. पहिल्या वाचनात ते दिसले नव्हते, म्हणजे नजर चुकली असणार, असे त्यांनी स्वतःला सुनावले. पुस्तक आपल्या घरात आल्यावर डाग पडला असेल ही शक्यता त्यांनी विचारात घेतली आणि सोडून दिली. घरात ते आणि कुंदाबाई दोघेच, आणि कुंदाबाई दुपारी आराम करत, असा त्यांचा समज होता. संशय नूतनताईंवर गेला. पुढचे आठ दिवस ते नूतनताई दिसल्या की त्यांच्या बोटांकडे बघत. नूतनताईंनी शेवटी बोटातली अंगठी काढून कपाटात ठेवली.

दुःख झाले की माणूस सल्ला मागतो आणि मग त्याला दोन दुःखे होतात. वरच्या मजल्यावर वकील राहत. ते म्हणाले, "अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो. फक्त तुम्हाला कोर्टात सिद्ध करावं लागेल की नाना म्हणजे तुम्हीच. म्हणजे तुम्ही खडूस आहात, याचे साक्षीदार आणावे लागतील." साक्षीदार किती मिळतील याचा अंदाज येऊन कौतिकराव खाली आले. केस कापणारा म्हणाला, "भाऊ, पुस्तकातल्या नानाला मिशा आहेत ना? मग तुमच्या काढून टाकू. विषयच संपला." हा सल्ला कौतिकरावांना पटला, याचे कारण त्या वेळी वस्तरा आधीच त्याच्या हातात होता.

इतकी वर्षे जपलेली मिशी उतरवून ते घरी आले. कुंदाबाईंनी दार उघडले, बघितले, आणि त्यांना असे हसू फुटले की दाराची चौकट धरून त्या खालीच बसल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या. "काय झालं हसायला?" तर म्हणे, "काही नाही, काही नाही," आणि पुन्हा हसल्या. बायकोही त्यांच्यात सामील आहे की काय, असा विचार कौतिकरावांच्या मनात पहिल्यांदा आला. त्यांना फार एकटे वाटले. पूर्वी असे काही झाले की ते कन्हैयालालांना सांगत.

मंडळाची बैठक त्यांच्याच घरी झाली. मिशीबद्दल कुणी विचारले नाही, सगळ्यांनी फक्त तिकडे बघण्याचे टाळले. ते जास्त वाईट होते.

"पुस्तक निराशाजनक आहे," कौतिकरावांनी सुरुवात केली.

"एकदम निराशाजनक," कन्हैयालाल भिंतीकडे बघून म्हणाले. सख्ख्या नातीचे पुस्तक! कौतिकरावांनी हे मनात नोंदवले. गुन्हेगार पहिल्यांदा स्वतःच्याच मालाला नावे ठेवतो.

"विशेषतः ते नानाचं पात्र," नूतनताई म्हणाल्या. "एखादी व्यक्ती शुद्ध बोलण्याचा आग्रह धरते, म्हणून तिला एवढं हास्यास्पद करावं?"

"और वो वायदेवाली बात," रहीमभाई पुटपुटले. "नाना सबको बोलतो, कल देता हूं, कल देता हूं. अरे, कामात उशीर होतो माणसाला. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

कौतिकरावांना वाटले, काय सफाईने मुद्दा भलतीकडे नेत आहेत. ते टीसीकडे वळले. "आणि हा टीसी! दोन वांगी घेतो! हा खात्याचा अपमान आहे. मी सांगतो, अशी मुलगी होणंच शक्य नाही. रोज विनातिकीट? मॅट्रिक होईपर्यंत? माझ्यासारखा टीसी असता तर पहिल्या दिवशी खाली उतरवली असती."

"नायिका पटत नाही," नूतनताईंनी निकाल दिला. यावर सर्वांचे एकमत झाले. त्या दिवशी झालेले तेवढे एकच एकमत.

कुंदाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "का पटत नाही?"

"तू वाचलंयस का?" कौतिकरावांनी विचारले. कुंदाबाईंना गॅसवरचे काहीतरी आठवले.

असे ठरले की लेखिकेला भरताच्या जेवणाला बोलवावे आणि तिच्यासमोर मत मांडावे. फोनवर बोलावले असते तरी चालले असते, पण कौतिकरावांना तिचा चेहरा बघायचा होता. फोनवर माणसाचा हात कुठल्या खिशाकडे जातो ते कळत नाही. ते स्वतः एसटीने धुळ्याला गेले.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमनने अडवले. "कुणाकडे? काय काम?"

"खासगी."

"खासगी काम असेल तर खासगी ठिकाणी भेटा. इथे कॉलेज शे." तरी त्याने ओळखपत्र मागितले. कौतिकरावांनी आधारकार्ड दिले. वॉचमनने कार्डाकडे बघितले, त्यांच्याकडे बघितले, पुन्हा कार्डाकडे बघितले. "हा फोटो तुमना नई शे."

"माझाच आहे. मिशी काढलीय."

"का काढी?"

या प्रश्नाला जगात कुणाकडेही चांगले उत्तर नसते. कौतिकराव म्हणाले, "एका पुस्तकामुळे." वॉचमनने त्यांना बाकावर बसवले आणि समोर उभा राहिला. येणारी-जाणारी पोरे बघत होती. जन्मभर त्यांनी माणसांना असे बाकावर बसवले होते. बाक एवढा थंड असतो, हे त्यांना माहीत नव्हते.

शेवटी आयुषी धावत आली. "आबा! तुम्ही? आणि मिशी?" तिने त्यांच्याकडे बघितले, बघतच राहिली, आणि मग ओठ दाबून दुसरीकडे बघू लागली. कौतिकरावांनी तेही टिपले. कँटीनमध्ये चहा घेताना तिने कादंबरीबद्दल अवाक्षर काढले नाही. "आजी कशा आहेत?" म्हणाली. कुंदाबाईंना ती लहानपणापासून आजी म्हणे. थोड्या वेळाने, "आजींनी पुस्तक बघितलं का?" आणि निघताना पुन्हा, "मी येईन आबा, पण एका अटीवर. आजींनी त्या दिवशी स्वयंपाकघरात राहायचं नाही. आपल्यात, खुर्चीवर बसायचं."

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत कौतिकराव विचार करत होते. पोरीला साक्षीदार हवी आहे. नाना घरात कसा वागतो, हे बायकोशिवाय कोण सांगणार? म्हणजे सगळा मालमसाला कन्हैयालालांकडून आला नाही. निम्मा आपल्याच ओट्यावरून गेला. अब्रू गेली तर गेली, पण ती घरातून गेली होती.

अट ऐकून कुंदाबाई म्हणाल्या, "मी बसेन. भरीत सकाळीच करून ठेवते." गार भरीत वाढायचे, या विचारानेही कौतिकरावांना संशय आला. एवढी वर्षे पाहुण्यांना तव्यावरून ताटात वाढणारी बाई आज बसते म्हणते!

रविवारी गच्चीवर कपाशीच्या काड्या पेटल्या. भरतासाठी नावाजलेली बामणोदची वांगी खरपूस भाजली गेली, सोलली गेली, मिरची-लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून कुटली गेली. वास खालच्या रस्त्यापर्यंत गेला. पाहुणे वेळेवर गच्चीवर आले. रहीमभाईसुद्धा वेळेवर आले, यावरून प्रसंगाचे गांभीर्य कळेल. कुंदाबाई खुर्चीच्या कडेवर टेकून बसल्या.

कौतिकरावांनी पुस्तक मधोमध ठेवले. ठरवलेले भाषण बाजूला राहिले आणि तोंडून सरळ निघाले, "आयुषी, खरं सांग. नाना कोण आहे?"

आयुषीने तोंड उघडायच्या आत कन्हैयालाल उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मी सांगतो! नाना मी आहे. घरात वांगं वर्ज्य आणि शेजारच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भरीत खाणारा म्हातारा जळगावात दुसरा कोण आहे? पान एकसष्ट. घरी माझ्या बायकोला, भंवरीबाईला, आजवर पत्ता नव्हता. आता ती रोज माझ्या मिशा हुंगते. आणि कौतिकराव, ही गोष्ट तुमच्या घराबाहेर फक्त तुम्हीच नेऊ शकत होतात! माझ्या नातीला तुम्ही सांगितलं! म्हणून मी महिनाभर त्या काठानं फिरतोय!"

"तुम्ही? तुम्ही माझ्यावर संशय घेतला?" कौतिकराव थक्क झाले. संशय ही आपली मिरासदारी आहे अशी त्यांची समजूत होती.

"थांबा," नूतनताई म्हणाल्या. "नाना मी आहे. मला स्त्री असूनही म्हातारा केलंय. चालत्या माणसाला थांबवून उच्चार सुधारायला लावणारं दुसरं कोण आहे? आणि कौतिकराव, तुम्ही माझ्या बोटांकडे का बघत होतात, ते मला त्या दिवसापासून कळलेलं नाही."

"नाना तो मैं हूं," रहीमभाई म्हणाले. "कल देता हूं, कल देता हूं. साफ मेराच आवाज आहे त्यात."

"चुकताय तुम्ही सगळे!" कौतिकराव ओरडले. "साखरेचा डबा! चपला! नाना मी आहे!"

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. ज्या नानापायी चौघे महिनाभर झोपले नव्हते, त्याच्यावरून ते आता हक्काने भांडू लागले. पान एकसष्ट तुमचे असेल, पण चपला माझ्या. बोलणे माझे आहे, तुम्ही कुठे शुद्ध बोलता? कुणी नानाचा एक हात सोडायला तयार नव्हते.

आयुषी कितीतरी वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "नाना कुणीच नाहीये हो."

"म्हणजे?"

"मनानंच रचलाय. पोरांच्या गोष्टीत एक खडूस म्हातारा लागतो, म्हणून टाकला. तुमच्यापैकी कुणाचाच नाही."

मंडळाची या पुस्तकाने आता जी काही निराशा केली, तिच्यापुढे आधीची निराशा काहीच नव्हती. रहीमभाईंनी टोपी काढून पुन्हा घातली. नूतनताई म्हणाल्या, "थोडासुद्धा नाही?" कन्हैयालाल मटकन खाली बसले. आपली बदनामी झाली म्हणून माणूस रागावतो. पण ती झालीच नाही, हे कळल्यावर त्याला कोण समजावणार?

"मग आमच्यातलं कुणीच नाही तुझ्या पुस्तकात?" कौतिकरावांनी विचारले. आवाजात राग नव्हता, दुखल्याचा सूर होता.

"दोन माणसं अगदी खरी आहेत. बेबी, आणि तो टीसी."

"तो टीसी खरा आहे?" कौतिकरावांत जुना हुरूप आला. "वांगीचोर? नाव सांग. निवृत्त असला तरी मी..."

"कोट मोठा होता त्याला," कुंदाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितले. त्या खुर्चीच्या कडेवरून आता मागे टेकून बसल्या होत्या. पदराने बोटावरची हळद पुसत होत्या.

"बाह्या पार बोटांपर्यंत यायच्या. एक वांगं उचललं तर बाहीत गेलं. मग दुसरं उचललं. हातात फिरवून 'भरताची दिसतात' म्हणाला. मिशी फुटायची होती अजून. मी खाली मान घातली. माझी भूगोलाची वही वांग्यांतून वर आली होती. ती दिसली नाही त्याला. वांगी दिसली."

रहीमभाई हळूच म्हणाले, "भाऊ, तुमच्या पहिल्या कोटाच्या बाह्या अब्बांच्या दुकानात मीच कमी केल्या होत्या. कितना कपडा निकला था..."

कौतिकरावांना पाचोऱ्याची पहिली नेमणूक आठवली. कोट आठवला. वांगी? वांगी आठवेनात, आणि त्यामुळेच ती खरी असणार हे त्यांना कळले. एक विनातिकीट सुटला नाही! कुणाच्या चहालाही मिंधा नाही! इतक्या वर्षांत आपण ही वाक्ये कितीदा म्हटली, आणि ही दर वेळी आत का गेली, हे त्यांना त्या गच्चीवर एकदम समजले. पुस्तकात स्वतःला शोधताना ते म्हाताऱ्यांतच शोधत राहिले. आपली बायको पंधरा वर्षांच्या मुलीत असेल, आणि आपण त्या मुलीसमोर उभ्या पोरात, हे त्यांच्या ध्यानीमनीही आले नाही. चौघांनी मिळून तिला न पटणारी ठरवले होते, आणि ती शेजारी उभी राहून चहाचे कप ठेवत होती.

"म्हणजे मी तुला बघायला आलो तेव्हा..."

"दारातनंच वळखी लिन्हं व्हतं," कुंदाबाई म्हणाल्या. त्या माहेरची बोली इतरांसमोर कधी बोलत नसत. "तुम्ही विचारलंत, रेल्वेत कधी बसली आहेस का? मी म्हटलं, नाही. पुढे तपासायचं काम तुमचं होतं."

कन्हैयालालांना हसू आवरेना, पण त्यांनी ते रुमालात लपवले.

"मिशी काढून आलात ना, तर पाचोऱ्याच्या डब्यातला तोच पोरगा दारात उभा. हसू नको तर काय करू?"

"हिला सांगितलंस," कौतिकराव आयुषीकडे बोट करून म्हणाले. त्यांना खरोखर लागले होते. "मला कधी नाही."

"ती विचारायची. ओट्याखाली बसून रोज विचारायची, आजी, तू कोणत्या शाळेत होतीस, कशी जायचीस. तुम्ही तपासता. विचारलं कधी नाही."

भरीत गार झाले होते. कुंदाबाई सवयीने उठू लागल्या, तेव्हा कौतिकराव पटकन म्हणाले, "बस," आणि स्वतः वाढू लागले. कन्हैयालालांच्या ताटात त्यांनी मोठा डाव घातला. कन्हैयालालांनी इकडेतिकडे बघितले, आणि मग बसून, चारचौघांत, उघड उघड खाल्ले. "सकाळी कोणत्या काठानं?" त्यांनी तोंड भरलेले असतानाच विचारले. "या काठानं," कौतिकराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फेरी संपवून ते परस्पर बाजारात गेले. भाजीची पिशवी त्यांनी आजवर हातात धरली नव्हती, त्यामुळे भाजीवालीने त्यांना गावाबाहेरचे समजून भाव सांगितला. तो त्यांनी तपासला नाही. घरी येऊन त्यांनी ओट्यावर दोन वांगी ठेवली. फक्त दोन. आणि तिथेच उभे राहिले.

कुंदाबाईंनी हात पुसले. एक वांगे उचलले, हातात फिरवले, खालून-वरून नीट बघितले. कौतिकराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते, तिकीट हातात धरून टीसीसमोर माणूस उभा राहतो तसे.

"भरताची दिसतात," त्या म्हणाल्या.

"भूगोलाचा पेपर कसा गेला होता?" कौतिकरावांनी विचारले.

कुंदाबाईंनी गॅस बंद केला आणि सांगायला सुरुवात केली.